कापूस, तेल आणि एक बारीकशी नळी

सिल्लोड रस्त्याच्या कडेच्या बाभळी पुन्हा पांढऱ्या दिसायला लागल्या आहेत. कापसाने गच्च भरलेल्या गाड्या फांद्यांना घासत जातात आणि प्रत्येक काटा आपला वाटा काढून घेतो. मी हर्सूलच्या पुढे राहते. सकाळी स्कूटीवरून ड्यूटीला येताना कापसाचे तंतू ओठांना चिकटतात, ते काढत काढत मी नाक्यापर्यंत पोचते. शहरातल्या माणसांना हिवाळा आल्याचं औरंगपुऱ्यातल्या दुकानांबाहेर लटकलेल्या कानटोप्यांवरून कळतं. मला ते या बाभळींवरून कळतं, आणि कळलं की दिवसभर कशातच मन लागत नाही.

मी नर्स आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या विभागात माझी इतकी वर्षं गेली, की पूर्ण दिवसांचं गुटगुटीत बाळ कोणी मांडीवर दिलं तर मला ते उगाचच अवाढव्य वाटतं. आमच्याकडची बाळं तळहातावर मावतात. त्यांची कातडी इतकी पातळ असते की आतल्या शिरा दिसतात, आणि कानाच्या पाळ्या दुमडल्या तर दुमडलेल्याच राहतात. कापसाच्या दिवसांत त्यांच्याबरोबर कापूसही येतो. आज्यांच्या लुगड्याला, मावश्यांच्या केसांत, बापाच्या शालीला लागून. आमच्या नसीममावशी झाडू मारताना दर वर्षी त्याच वैतागाने म्हणतात, "देखो सिस्टर, आधा खेत अंदर आ गया!" आणि तो कापूस सुपलीत गोळा करतात. मी त्यांना म्हणते, "मावशी, जमवा, एक उशी होईल." त्या म्हणतात, "तुमकू मस्करी सूझ रही."

कापूस वेचणं म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी आई लग्नाआधी आणि लग्नानंतरही रोजाने वेचणीला जायची. अजूनही विहारातून घरी येताना रस्त्यात एखादं बोंड पडलेलं दिसलं, तर ती ते उचलते, त्यातला कापूस बोटांनी सफाईने उपटून घेते आणि मग त्याचं काय करायचं हे न सुचून पदरात ठेवते. झाड कमरेच्या खाली असतं, बोंडाची टोकं वाळून सुईसारखी झालेली असतात. दिवसभर वाकायचं, पाठीशी कापसासाठी ओटा, म्हणजे लुगड्याची झोळी, बांधायचा आणि तो भरेल तसा आणखी वाकायचं. बाईला दिवस गेलेत की नाही याची त्या झाडाला पर्वा नसते, आणि झाडाच्या मालकालाही फारशी नसते.

रेणुका अशाच वेचणीतून आमच्याकडे आली होती. त्याला आता काही वर्षं झाली.

त्या वर्षी पाऊस रेंगाळला, बोंडं उशिरा फुटली आणि वेचणी थेट पौषापर्यंत लांबली. रेणुकाचं सासर सोयगावकडच्या एका वस्तीवर. घर मेंढपाळांचं. नवरा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागे निघून जाई, त्याचा फोन लागला तर लागला. घरचं रान थोडं, म्हणून ती सासूबरोबर दुसऱ्याच्या रानात रोजाने जायची. सातवा महिना चालू होता. वेचता वेचता पोटात कळ आली, तिला आधी गावातल्या दवाखान्यात नेलं, तिथून तालुक्याला, आणि तालुक्यातून अजिंठ्याचा घाट चढून आमच्याकडे. पोट कापून बाळ काढावं लागलं. मुलगा झाला. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, ज्यांना आम्ही सगळे नुसतं मॅडम म्हणतो, आल्याआल्याच त्याच्या घशात श्वासाची नळी बसवली. मॅडमच्या हाताला यश आहे, नळी पहिल्याच फटक्यात बसली.

नळी घालणं म्हणजे सिनेमात दाखवतात तसं काहीतरी धाडसाचं काम, असं लोकांना वाटतं. ते सुईत दोरा ओवण्याचं काम आहे. फक्त ही सुई हलते, रडायचा प्रयत्न करते आणि तिच्याकडे वेळ नसतो. बाळाच्या घशात दोन दारं शेजारीशेजारी असतात, एक श्वासाचं आणि एक दुधाचं. नळी दुधाच्या दारातून गेली तर हवा पोटात भरते आणि बाळ आपल्यासमोर निळं पडत जातं. बरं, योग्य दारातून गेली म्हणजे झालं असंही नाही. जरा जास्त आत गेली तर एकाच फुप्फुसात हवा जाते, जरा वर सरकली तर बाहेर निसटते. हे 'जरा' म्हणजे माझ्या करंगळीच्या नखाएवढं अंतर. आणि ती नळी जागच्या जागी राहणार कशाच्या भरवशावर, तर गालावर लावलेल्या एका चिकटपट्टीच्या.

रेणुकाला टाक्यांच्या जागी पू झाला, ताप चढला, तिला उठता येईना. आईला येता येत नसेल तर घरातल्या एका बाईने आत येऊन बाळाला हात लावून बसावं, ही पद्धत मॅडमनी त्याच सुमारास सुरू केली होती. माणसाच्या हाताने बाळं सावरतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तेव्हा आत आली ती रेणुकाची सासू, गयाबाई. कपाळावर गोंदण, आवाज मेंढरांना हाका मारून मारून कमावलेला. पहिल्याच दिवशी दारावरच्या वॉचमनने अडवलं तर "तू काय माझ्या नातवाचा मामा लागून गेला का रं?" असं विचारून तिने त्याची बोलती बंद केली. दुसऱ्या दिवसापर्यंत नसीममावशींशी तिची इतकी गट्टी जमली की दोघी जिन्याखाली बसून एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत. एकीला दुसरीची भाषा निम्मीच कळत होती, पण त्या विषयाला तेवढी पुरते.

पाळण्याशी आली की मात्र तिचा आवाज पार खाली जाई. "एवढुसं हाय," ती म्हणायची. "कोकरू बी यापरीस थोर असतंय. आन् त्याच्या तोंडाला हे काऊन चिकटवलंय, सिस्टरबाई?"

"ती श्वासाची नळी आहे, आजी. त्याला स्वतःहून श्वास घ्यायचं बळ नाही अजून. दमलाय तो."

"दमनारच की. आईच्या पोटात बसून कापूस येचत व्हता."

मी हसले होते. ती हसली नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

टाळू भरणं आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. डोक्याच्या मधोमध हाडं जुळलेली नसतात, तिथली मऊ जागा ठोक्यासरशी उडत असते. तिच्यावर रोज दोन बोटं तेल घालायचं आणि तळव्याने हलकेच जिरवायचं. टाळू भरल्याशिवाय लेकरू बाळसं धरत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. माझ्या आईने माझी भरली, मी माझ्या मुलीची भरली. गयाबाईच्या चंचीत सुपारीच्या जोडीला करडीच्या तेलाची चिमुकली बाटली होती. घाण्यावरचं, घरच्या करडीचं. एका सकाळी तिने बाळाची टोपी जरा मागे सारली, टाळूवर तेल घातलं, जिरवलं आणि टोपी पुन्हा नीट बसवली. कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी आम्ही अडवलं असतं, असं छातीठोकपणे मला सांगता येत नाही. टाळूवरच्या तेलाने कोणाचं वाईट झाल्याचं आमच्यापैकी कोणी कधी ऐकलं नव्हतं.

पाळण्यावर ऊब देणारा दिवा असतो. त्या उबेने तेल पातळ झालं आणि टोपीखालून कानशिलावर, तिथून गालावर, पट्टीच्या खाली शिरलं. दुपारी बाळाची कूस बदलताना पट्टी ओल्या कागदासारखी सुटून आली आणि तिच्याबरोबर नळीही आली.

त्यानंतरचं सगळं सांगायला मला अजूनही जड जातं. हाताशी जे तरुण डॉक्टर होते त्यांनी लगेच दुसरी नळी घालायला घेतली. घसा सुजलेला होता, आतलं धड दिसत नव्हतं. नळी दुधाच्या दारात गेली. ते कळायलाही उशीर लागला, कारण त्या खोलीत कोणी काही बोलतच नव्हतं. सगळे आपापला श्वास रोखून उभे होते, जणू आम्ही घेतला नाही तर तो त्याच्या वाट्याला जाईल. बाहेर टाकलेला श्वास नळीतून परत येतोय का हे दाखवणारं काही आमच्याकडे तेव्हा नव्हतं. छाती हलतेय का ते डोळ्यांनी बघायचं आणि कानांनी ऐकायचं, बस्स. मॅडम धावत आल्या, त्यांनी नळी बसवली, बाळाचा रंग परत आला. आम्ही एकमेकींकडे पाहून सुस्कारा सोडला. पण ते आतून खचलं होतं. बायका सुगडं घेऊन जायच्या त्या संक्रांतीच्या तोंडावर ते गेलं.

नळी निघाली त्याच दुपारी मॅडमनी ती पट्टी टाकू दिली नव्हती. बोटांमध्ये चोळून पाहिली, नाकाशी नेली आणि माझ्यासमोर धरली. करडीच्या तेलाचा वास मला घरचा होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

घरच्यांना सांगितलं गेलं की बाळ फार लहान होतं, फुप्फुसं कच्ची होती. हे खोटं नव्हतं. तेलाचं मात्र सांगायचं नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे बैठक वगैरे झाली नाही. कोणीतरी म्हणालं, "म्हातारीच्या जिवाला कशाला घोर?" आणि सगळ्यांच्या माना हलल्या, माझीही हलली. ज्या बाईने एवढ्या मायेने दोन बोटं तेल घातलं, तिला 'तुमच्या तेलाने' असं कोण म्हणणार? मला ती माणुसकी वाटली होती. खरं सांगायचं तर पुढे कितीतरी दिवस तशीच वाटत राहिली.

व्हरांड्यात मात्र माणसं बोलत होती. नवरा मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून कसाबसा पोचला होता आणि भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. शेंद्र्याला कंपनीत कामाला असलेला दीर आला होता. त्याची बायको म्हणाली, "सातव्या म्हैन्यात कोन जातं वाकायला?" आणि गयाबाई त्या मोठ्या आवाजात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "म्या म्हनलं व्हतं, शेवटची येचनी ऱ्हाऊ दे. ऐकती कुठं?" रेणुका आतल्या खाटेवर होती. दार उघडं होतं.

घरी सोडायच्या दिवशी मी तिचे टाके बघत होते. बोंडांनी ओरखडलेली बोटं पोटावर ठेवून ती छताकडे पाहत होती. तिने विचारलं, "सिस्टर, वाकल्यानं झालं का हो?"

मी म्हटलं, "नाही गं. वाकल्याने असं काही होत नसतं."

"मंग कशानं?"

मी म्हटलं, "बाळ लहान होतं."

तिने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. 'नाही' म्हणणाऱ्या माणसाकडे दुसरं कारण नसेल तर ते 'नाही' कोणाला पटत नाही. दुःखात माणूस कारण शोधतोच, आणि आपण त्याच्यापासून एक कारण लपवलं तर तो हाताशी असेल ते उचलतो. रेणुकाच्या घरात कापूस हाताशी होता.

आमच्या विभागात मात्र त्या हंगामाने बरंच काही बदललं. मॅडमनी सगळ्यांना एकत्र बसवलं. डॉक्टर, आम्ही, नसीममावशी, सगळे. पहिल्यांदाच सांगितलं की चूक कोणाची यावर बोलायचं नाही, काय काय झालं तेवढं सांगायचं. मराठी माणसाला हे अवघड. आपल्याला आधी माणूस लागतो, मग घटना. पण हळूहळू बोलणं निघालं. नळी घालताना कोण काय करणार हे आता आधी मोठ्याने बोललं जातं. एकाची नजर फक्त बाळाच्या ठोक्यांवर. एकाचा हात फक्त नळीवर, पट्टी लागेपर्यंत तो हात सोडायचा नाही. नळीच्या तोंडाशी एक टोपण लावायचं. बाळाचा श्वास त्यातून परत आला की टोपणाचा जांभळा रंग पिवळा होतो. जांभळाच राहिला तर समजायचं दार चुकलं. ओठाशी नळीवरचा आकडा किती, तो प्रत्येक पाळीला मोठ्याने वाचायचा. गाल आधी कोरडा करायचा. कूस दोघींनी मिळून बदलायची. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, खोलीतल्या कोणालाही 'थांबा' वाटलं तर त्याने 'थांबा' म्हणायचं, समोर कोणी का असेना.

हे शेवटचं कागदावर सोपं होतं. मोठ्या माणसाला मध्येच अडवायची आपल्याला सवयच नाही. आपण फार तर खोकतो. पहिले काही आठवडे आमच्या विभागात खोकल्याची साथच आली होती. मग एकदा मॅडमच नळी घालत होत्या, वेळ जात होता, ठोके उतरत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, थांबा." त्या थांबल्या. बाळाच्या तोंडावर मास्क धरून हवा दिली, ठोके वर आले, मग नळी पुन्हा घातली. नंतर चहा पिताना त्या एवढंच म्हणाल्या, "जरा आधी म्हणायचं होतंस."

सरावासाठी एक रबराचं बाळ आणलं गेलं. नवे डॉक्टर त्याच्या घशात नळ्या घालून शिकतात. नसीममावशी काम संपलं की त्याच्यावर दुपटं टाकतात. मी एकदा म्हटलं, "मावशी, ते रबराचं आहे." तर म्हणाल्या, "हौ, मालूम है. तो क्या ठंड में नंगा रखना?" आम्ही हसलो. पण तेव्हापासून ते दुपटं मी कोणाला काढू दिलेलं नाही.

आणि एक गोष्ट माझ्यावर सोपवली गेली. नळी असलेल्या प्रत्येक बाळाच्या घरच्यांशी बसून बोलायचं. नळी म्हणजे काय, पट्टी का महत्त्वाची, आणि टाळूवर तेल का घालायचं नाही. नुसतं 'डॉक्टरांची मनाई आहे' असं म्हणायचं नाही. मनाई आहे म्हणून आजवर कोणत्या आजीने तेल घालायचं सोडलंय? ती लपून घालते. का, ते कळलं तरच हात थांबतो. हे मी इतक्या आज्यांना सांगितलं आहे की वाक्यं आपोआप तोंडात येतात. सांगताना प्रत्येक वेळी मला गयाबाई आठवायची आणि प्रत्येक वेळी वाटायचं, बरं झालं तिला माहीत नाही.

या हंगामात ती परत आली.

मी आधी ओळखलं नाही, कारण वॉचमनशी भांडण ऐकू आलं नाही. दाराशी एक म्हातारी गुमान उभी होती, त्याने 'थांबा' म्हटलं म्हणून थांबलेली. गोंदणावरून ओळख पटली. रेणुकाला पुन्हा वेळेआधी बाळ झालं होतं. मुलगी. मॅडमनी नळी घातली होती, टोपण पिवळं झालं होतं, मुलगी बरी होती. पण नळी अजून काही दिवस राहणार होती.

"या खेपंला तिला पान्यालाबी जाऊ दिलं न्हाय, सिस्टरबाई," गयाबाई मला म्हणाली. "रानात तर पाऊलच न्हाय. खाटल्यावर बसवून ठिवली. तरी बी आलंच की आधी." तिला ते कोडं पडलं होतं. ती माझ्या तोंडाकडे उत्तरासाठी बघत होती.

मी तिला बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. तिच्या बाहीला कापूस लागलेला होता. मी नळीचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं. ती 'व्हय, व्हय' करत होती. मग पुढचं वाक्य आलं. ते वगळावं, असं मनात आलं. पण आत काचेपलीकडे तिची नात होती, आणि म्हातारीच्या कमरेला ती चंची तशीच होती.

"टाळूवर तेल घालायचं नाही, आजी. नळी निघेपर्यंत. दिव्याच्या उबेने तेल ओघळतं, गालावरची पट्टी सुटते आणि नळी बाहेर येते."

तिचा हात कमरेच्या चंचीवर गेला. जिन्यावरून कोणी डबा घेऊन गेलं, कोणाचा तरी फोन वाजला.

"मागल्या टायमाला म्या घातलं व्हतं," ती म्हणाली.

"हो, आजी."

"टोपीखाली. कुनाला दिसू दिलं न्हाय."

"हो."

"आन् त्याची नळी…"

मी मान हलवली. आणि मग भडाभडा बोलत सुटले. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. बाळ होतंच लहान. दुसरी नळी घालताना वेळ गेला, तो आमच्याकडून गेला. एकट्या तेलाने काही झालं नाही, आजी. यातला शब्द न् शब्द खरा होता. तिने हात वर करून मला थांबवलं.

"रेणुकाला ठावं हाय?"

"नाही."

"कसं असंल," ती म्हणाली. बाहीला लागलेला कापूस ती बोटांनी उपटू लागली. "सिस्टरबाई, त्या दिसापून म्या तिला येक घास सुकाचा खाऊ दिला न्हाय. कापसाचे दिस आले की माझं तोंड सुरू. तुझ्या वाकन्यानं गेलं, तुझ्या वाकन्यानं गेलं. ती बी कदी उलटून बोलली न्हाय. खाली मान घालून ऐकती. तिला म्हायेरी धाडायची म्हनून चार मानसं बी बसवली व्हती म्या."

मला काय वाटलं ते सांगते. मला राग आला. तिचा नव्हे. त्या दिवशी हललेल्या सगळ्या मानांचा. आम्ही म्हातारीच्या जिवाला घोर नको म्हणून गप्प बसलो, आणि तो घोर गेला कुठे? तो कुठे तरी जाणारच होता. तो आम्ही टाके पडलेल्या, उठता न येणाऱ्या पोरीच्या अंगावर ढकलला आणि वर स्वतःला चांगली माणसं समजत राहिलो.

"म्या आत येनार न्हाय आता," गयाबाई म्हणाली. "माझा हात नगं त्या लेकराला." आणि ती उठून बाळंतिणींच्या वॉर्डाकडे चालायला लागली. मी मागोमाग गेले. तिला थांबवावं की नाही, हे मला कळत नव्हतं.

भेटायची वेळ होती. वॉर्ड माणसांनी भरलेला. रेणुका खाटेवर उशीला टेकून बसली होती, शेजारी तिची जाऊ संत्रं सोलत होती. गयाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही, तरी आजूबाजूच्या खाटा गप्प झाल्या.

"रेणुका, लेकरू तुझ्या कापसानं न्हाय गेलं," ती म्हणाली. "माझ्या तेलानं गेलं. म्या टाळू भरली, तेल वघळलं, नळी निसटली. मला आज कळलं. तू वाकलीस म्हनून न्हाय गेलं."

जाऊ म्हणाली, "आवं आत्याबाई, काय बोलता चार मानसांत!"

"चार मानसांतच बोलले व्हते ना मागं," गयाबाई म्हणाली.

मला वाटलं रेणुका हंबरडा फोडेल, नाहीतर इतक्या वर्षांचं साठलेलं बोलून टाकेल. दोन्हींचा तिला हक्क होता. तिने सोललेल्या संत्र्याची फोड जावेच्या हातात परत दिली, चादर गुडघ्यांवर ओढून घेतली.

"मला अजून उठाय येत न्हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमी आत जाऊन बसा तिच्यापाशी. ती एकली हाय तिथं."

"माझा हात नगं गं तिला."

"जा म्हनते ना," रेणुका म्हणाली. आवाज चढला होता, आणि फाटलाही होता.

बाळांच्या खोलीबाहेर एक बेसिन आहे. गयाबाईने चंची सोडून माझ्याकडे दिली, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात धुवायला घेतले. बोटांच्या मधून, नखांच्या खालून, मनगटापर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. पाणी बर्फासारखं गार होतं, तिचे हात लाल झाले होते. मी म्हटलं, "बास आजी, झाले स्वच्छ." तिने ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं. शेवटी मीच नळ बंद केला.